संत्रं बुडलंच नाही

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांना परीक्षक म्हणून मी बरीच वर्षं जातो आहे. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, एवढीच माझी पात्रता. गेल्यावर शाल-श्रीफळ, चहा-बिस्किटं, आणि मग हातात गुणांचा तक्ता. अशाच एका शाळेत दुसरीतला एक मुलगा माझ्यासमोर उभा होता. अंगातला पांढरा कोट गुडघ्याच्या खाली लोंबत होता, बहुतेक दादाचा असावा. टेबलावर थर्माकोलचा ज्वालामुखी, पायथ्याशी प्लॅस्टिकची झाडं आणि एक गाय. (थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. ती बातमी शाळांच्या प्रदर्शनांपर्यंत अजून पोचायची आहे.) "आदरणीय परीक्षक महोदय," त्याने सुरुवात केली आणि एका दमात खाण्याचा सोडा, व्हिनेगर, आम्ल, आम्लारी, कार्बन डायऑक्साइड असं सगळं म्हणून टाकलं. मग वाटी ओतली. लाल फेस उसळला. टाळ्या झाल्या.

मी सहज विचारलं, "व्हिनेगरच्या जागी लिंबू पिळलं तर काय होईल रे?"

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. मग मागे उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. आईचे ओठ हलले. आणि पोरगं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं: "आदरणीय परीक्षक महोदय..."

त्याला मी दुसरा नंबर दिला. माझ्या तक्त्यावर मांडणी, वक्तृत्व, नीटनेटकेपणा, उपयुक्तता असे रकाने होते आणि त्या सगळ्यांत तो खरोखरच चांगला होता. टेबलावरच्या दुसऱ्या कोपऱ्यात कोणी तरी अर्धं चिरलेलं लिंबू चहाबरोबर ठेवलेलं होतं. ते उचलून त्याच्या हातात द्यावं, हे मला घरी परतताना एसटीत सुचलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं होत गेलं आहे. पहिली ते चौथीच्या मुलांनी वर्गासमोर उभं राहून प्रयोग करून दाखवावेत. वर्षातून एकदा हॉलमध्ये नव्हे, जमलं तर दर आठवड्याला, आपल्याच वर्गात, आपल्याच सोबत्यांना. पण त्याला नंबर नकोत, आईबापांची कारागिरी नको, आणि प्रयोगामागचं कारण पाठ करून घेणं तर मुळीच नको. हे शेवटचं ऐकून माझे बरेच मास्तर मित्र बिथरतात, म्हणून त्याबद्दलच जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या ज्वालामुखीचं. सोडा-व्हिनेगरच्या फेसाचा आणि ज्वालामुखीचा संबंध लाल रंगापुरताच. खरा ज्वालामुखी आम्ल-आम्लारीने उसळत नाही. गंमत म्हणजे तो मुलगा ज्या जमिनीवर उभा होता ती जमीनच ज्वालामुखीची. सह्याद्रीपासून पश्चिम विदर्भापर्यंतचा आपला काळा कातळ म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. तोही शंकूच्या टोकातून कारंज्यासारखा उडालेला नव्हे. बहुतेक सगळा जमिनीच्या लांबच लांब भेगांतून पाझरला, पसरला आणि थरावर थर साचत गेला. शाळेच्या कुंपणाच्या भिंतीतले दगड नीट पाहा, त्यातल्या काहींत बारीक भोकं दिसतील. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. दुसरीतल्या मुलाने तसा एक दगड वर्गात आणून "याला भोकं कशी पडली असतील?" एवढंच विचारलं असतं, तर माझ्या लेखी तो पहिला नंबर होता. पण दगडाला कोणी स्टॉल देत नाही.

आता कारणाबद्दल. ग्लास पाण्याने काठोकाठ भरायचा, वर पोस्टकार्ड ठेवायचं, तळहाताने धरून ग्लास उलटा करायचा आणि हात काढून घ्यायचा. कार्ड पडत नाही, पाणी सांडत नाही. हा प्रयोग मी किमान पन्नास वेळा पाहिला असेल, आणि पन्नासही वेळा शेवटी एकच वाक्य ऐकलं: "यावरून हवेला दाब असतो हे सिद्ध होते." घरी "झालं ते" म्हणणारं पोर इथे "सिद्ध होते" म्हणतं. वाक्य खोटं नाही, पण त्या वाक्याने वर्गातली सगळी खिडक्या-दारं धाडकन बंद होतात. हवेचा दाब म्हणजे काय, हे सात वर्षांच्या मुलाला कळलेलं नसतं. कळायचं कारणही नसतं. मात्र ते शब्द उच्चारले की मोठी माणसं खूश होतात, हे त्याला बरोबर कळलेलं असतं. तो शब्द मंत्रासारखा होतो. मंत्राला उलट प्रश्न विचारायचा नसतो.

खरं तर त्या ग्लासात विचारण्यासारखं किती तरी आहे. ग्लास अर्धाच भरला तर? (तरीही जमतं, आणि इथे मोठी माणसंही चक्रावतात, कारण आता आतही हवा आहे.) कार्डाऐवजी ओढणीचं पातळ कापड रबराने बांधलं तर? कार्ड भिजून मऊ झालं तर किती वेळ टिकेल? तोंड रुंद असलेलं पातेलं घेतलं तर? यातल्या एकाही प्रश्नाला "हवेचा दाब" हा शब्द लागत नाही. पाण्याची बादली आणि पुसायला फडकं लागतं.

दोनेक वर्षांपूर्वी वरूड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. संत्र्याचा पट्टा. दोन शिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकत्र बसलेली, बावीस पोरं. परीक्षक म्हणून नव्हतो गेलो; तिथले सर माझे जुने विद्यार्थी, त्यांना भेटायला गेलो होतो. शनिवारची सकाळची शाळा. तिसरीतली एक मुलगी पुढे आली, स्टीलची बादली आणि पिशवीत दोन संत्री घेऊन. भाषण नाही, आदरणीय नाही. म्हणाली, "हे मी पाण्यात टाकतो. बुडते का तरंगते, सांगा." (वऱ्हाडात पोरीही "टाकतो" म्हणतात, प्रमाणभाषेच्या लोकांनी दचकू नये.)

सरांनी फळ्यावर दोन रकाने केले. हात वर झाले. बुडेल म्हणणारे पंधरा, तरंगेल म्हणणारे सात. संत्रं तरंगलं. सात जणांनी बाकं वाजवली. मग तिने दुसरं संत्रं सोललं, सावकाश, साल एकाच लांब पट्टीत काढायचा तिचा प्रयत्न होता. "आता?" आता वजन कमी झालं, म्हणून वीस जण म्हणाले तरंगेल. दोघंच म्हणाले बुडेल. तिच्या चेहऱ्यावर हसू मावेना, कारण तिने घरी करून पाहिलं होतं आणि वीसच्या वीस तोंडावर पडणार हे तिला माहीत होतं. सोललेलं संत्रं तिने अलगद पाण्यावर सोडलं.

ते तरंगलं.

तिने बोटाने खाली दाबलं. ते पुन्हा वर आलं. "सर, हे तं बुडूनच नाई रायलं!" तिचा आवाज रडवेला झाला. "घरी तं बुडलं होतं जी!"

हाच तो क्षण, ज्याला प्रदर्शनात सगळे घाबरतात. तिथे असं झालं असतं तर शिक्षिका धावत आल्या असत्या, आईने राखीव ठेवलेलं दुसरं संत्रं पुढे केलं असतं, आणि परीक्षकांनी "प्रयोग यशस्वी झाला नाही" असं लिहिलं असतं. इथे सर खुर्चीवरून उठलेही नाहीत. म्हणाले, "मलेही माहीत नाही असं काऊन झालं ते. करून पाहू." पुढची पंचवीस मिनिटं त्यांच्या हातात खडू सोडून काही नव्हतं.

मागून एक पोरगा म्हणाला, घरचं संत्रं वेगळं होतं, हे वेगळं आहे. दुसरीने सांगितलं, साल निघाली पण पांढरे दोरे राहिले, ते काढा. दोरे काढले. तरी तरंगलं. एकाने ते हातात घेऊन दाबलं आणि म्हणाला, हे मधातून पोकळ आहे. खरंच, फोडी एकमेकींपासून सुटलेल्या होत्या आणि मधोमध बोट जाईल एवढी जागा होती. मग फोडी सुट्या करून एकेक पाण्यात टाकायचं ठरलं. पहिली बुडाली. दुसरी बुडाली. आता प्रत्येक फोडीला सगळा वर्ग "बुडली!" म्हणून ओरडायला लागला. दोन फोडी मात्र बुडेनात. त्या बाहेर काढून मुलीने दातांनी फोडल्या. आत रस नव्हताच, नुसता कोरडा चोथा.

ग्लासाच्या प्रयोगात जो शब्द मंत्र होतो, तो इथे आपोआप निघाला. चौथीतला एक मुलगा म्हणाला, "जिथे हवा भरून असते ते तरंगते." हे शास्त्राच्या पुस्तकातलं वाक्य नव्हे. घनता हा शब्द त्याला तीन-चार वर्षांनी भेटेल. पण भेटेल तेव्हा ठेवायला त्याच्याकडे जागा तयार असेल. ज्याला घनतेची व्याख्या आधी मिळाली आणि संत्रं कधीच मिळालं नाही, त्याचं काय होतं हे मी अकरावीच्या वर्गात वर्षानुवर्षं पाहिलं आहे. वस्तुमान भागिले आकारमान असं तो झोपेत सांगेल, आणि लोखंडाचं जहाज का तरंगतं हे विचारलं की खिडकीबाहेर बघेल.

माझ्या दृष्टीने त्या सकाळची मोलाची गोष्ट फळ्यावरचे ते दोन रकाने होती. आधी अंदाज सांगायचा, तोही सगळ्यांसमोर, हात वर करून. हे छोटंसं काम प्रयोगाचं रूप बदलून टाकतं. अंदाज केला की मूल त्या बादलीत गुंततं. आता ते बघे राहत नाही. चुकलं तर चिडतं, "पुन्हा कर" म्हणतं. टाळ्या वाजवणारा वर्ग आणि "पुन्हा कर" म्हणणारा वर्ग यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. कारण सांगायचं नाही, नुसतं करून दाखवायचं, तर मग विज्ञान आणि जादूचे खेळ यांत फरक काय राहिला? महाराष्ट्रात हा प्रश्न विचारायला अर्थ आहे. गावोगावच्या शाळांतून अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कार करून दाखवतात आणि लगेच त्यामागची युक्ती फोडून सांगतात. ती त्यांनी फोडलीच पाहिजे, नाही तर तेही बुवाच ठरतील. मग शाळेतल्या मुलाला ही सूट कशी?

फरक असा की बुवा कधी म्हणत नाही, "ये, आता तू करून बघ." तो दुसऱ्यांदा करत नाही, वस्तू बदलू देत नाही, जवळून बघू देत नाही. आपल्या वर्गातला प्रयोग नेमका याच्या उलट हवा. ज्याला शंका आली त्याने उठून पुढे यावं आणि बादलीत हात घालावा. जादू शब्दांनी फुटत नाही, हाताने फुटते. उलट पाठ केलेलं स्पष्टीकरणच बुवाबाजीच्या जवळ जातं, कारण त्यात मूल ऐकणाऱ्याला सांगतं: मोठ्या माणसाने सांगितलंय, मी सांगतोय, तू मान. कारण सांगायला माझा विरोध नाही. ते मुलांच्या धडपडीनंतर यावं, त्यांच्या शब्दांत यावं, आणि आलं नाही तर पुढच्या शनिवारपर्यंत लटकत राहावं. लटकलेला प्रश्न घरी जातो. सुटलेला प्रश्न वहीत राहतो.

आणि मोठ्यांनी दिलेलं कारण बरोबर असेलच असंही नाही. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उलटा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. याचं स्पष्टीकरण पिढ्यान् पिढ्या असं दिलं जातं: हवेत ऑक्सिजन एक पंचमांश, तो जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत हेच सांगत होतो, आणि छान जुळतं म्हणून आत्मविश्वासाने सांगत होतो. हे स्पष्टीकरण चुकीचं आहे. ज्योत जळत असते तोवर पाणी जवळजवळ हलत नाही. ती विझताच झपकन वर येतं. ऑक्सिजन हळूहळू संपत असता तर पाणीही हळूहळू चढलं असतं. शिवाय ग्लास ठेवताना काठाशी बुडबुडे बाहेर पडताना दिसतात. एका मेणबत्तीऐवजी तीन लावल्या तर त्याच ग्लासात पाणी जास्त चढतं, आणि ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच असतो. होतं असं की ज्योतीने तापलेली हवा फुगते, थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली थंड होऊन आकसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. ऑक्सिजन सगळा संपतही नाही, त्याआधीच ज्योत मान टाकते. जो वापरला जातो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. ती वाफ थंड होऊन थोडी भर घालते खरी, पण मुख्य खेळ तापण्या-निवण्याचा.

हे सगळं चौथीतल्या मुलाला समजावून सांगायची गरज नाही. पण "सर, विझल्यावर वर आलं, आधी नाही" हे चौथीतलं मूल बघू शकतं, आणि माझा अनुभव असा की तेच बघतं. मोठ्यांना उत्तर माहीत असतं म्हणून ते बघत नाहीत. अशा वेळी मुलाच्या हातात आपण आधीच ऑक्सिजनचं वाक्य दिलं असेल, तर त्याने डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की वाक्यावर? शाळेत कोण जिंकतं हे सांगायला नको. मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी 1848 मध्ये आणि पुन्हा 1860 च्या नाताळात फक्त एका मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली होती. एकेक व्याख्यान नव्हे, माळ. आपण मेणबत्तीला चार मिनिटं देतो, त्यातली दोन आदरणीय व्यासपीठाची.

भारतात याचं मोठं उदाहरण मध्य प्रदेशातलं आहे. 1972 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सहावी ते आठवीसाठी विज्ञान शिकवण्याचा एक उपक्रम सुरू केला. पुढे 1982 पासून एकलव्य संस्थेने तो वाढवला आणि तो शेकडो शाळांत गेला. मुलं टोळ्या करून प्रयोग करत, आपापले निष्कर्ष वर्गासमोर ठेवत, एकमेकांशी भांडत. पुस्तक उघडं ठेवून परीक्षा देत. आणि शंका आल्या की सवालीराम नावाच्या काल्पनिक माणसाला पोस्टकार्ड पाठवत. त्याच्या नावाने त्यांना खरी उत्तरं येत. पुण्यातल्या टेल्कोतून (आताच्या टाटा मोटर्समधून) रजा घेऊन 1978 मध्ये अभियंते अरविंद गुप्ता तिथे गेले आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या काड्यापेटीच्या काड्या नि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून त्यांच्या विज्ञान शिकवणाऱ्या खेळण्यांची सुरुवात झाली. नंतर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ती मराठी मुलांपर्यंत पोचली. होशंगाबादचा उपक्रम तीस वर्षं चालला. 2002 मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. सरकारी शाळांत, खडू-फळ्याच्या पैशांत असं विज्ञान चालू शकतं, हे मात्र त्या तीस वर्षांनी दाखवून दिलं. तो सहावी ते आठवीसाठी होता. मी त्याच्या खालच्या मुलांबद्दल बोलतोय, जिथे तराजूही लागत नाही.

काय काय लागतं ते स्वयंपाकघरात बघा. पांढऱ्या शर्टावर हळदीचा डाग पडला आणि आईने साबण लावला की तो लालभडक होतो, हे मराठी घरातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेलं असतं. तोच तुकडा वर्गात आणावा, त्यावर लिंबू पिळलं तर काय होईल ते विचारावं. पुन्हा पिवळा होतो. एखादीची आजी सांगेल की पूर्वी हळदीपासूनच कुंकू करायचे, त्यात चुन्याचं काम असायचं; मग साबण आणि चुना यांचं काही नातं आहे का? किंवा मटकी. एका वाटीत ओल्या फडक्यात बांधलेली, एकीत कोरडी, एकीत पाण्यात पूर्ण बुडवून ठेवलेली. हा प्रयोग दोन-तीन दिवस चालतो, म्हणून प्रदर्शनात कधी दिसत नाही; उसळताना फेस येत नाही ना. पण मोड रोज पट्टीने मोजायचे आणि शनिवारी सांगायचं, "सोमवारी काहीच नव्हतं, मंगळवारी तांदळाएवढा, बुधवारी बोटाच्या पेराएवढा," यात जे धीराचं शिक्षण आहे ते ज्वालामुखीत नाही. आणि बुडवलेल्या वाटीला वास का आला, हे कोणी तरी विचारणारच.

शिक्षकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. पोर्शन आहे, चाचण्या आहेत, पोषण आहाराचा हिशेब आहे, ऑनलाइन माहिती भरायची आहे, निवडणुकीची कामं आहेत. शिवाय 2021 पासून निपुण भारत: तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशेब करता आला पाहिजे. त्यात प्रयोग कुठे बसवायचे? मला वाटतं, त्याच तासात बसतात. "बुडेल 15, तरंगेल 7, एकूण किती, कोणते किती जास्त?" हे गणितच आहे, आणि त्यातल्या 15 मध्ये आपण स्वतः असलो की बेरीज चुकत नाही. फळ्यावरचं "बुडेल" तिसरीतलं मूल आपोआप वाचतं, कारण त्याला ते वाचायचं असतं. आणि आपण काय पाहिलं ते क्रमाने, दुसऱ्याला कळेल असं सांगणं, याहून चांगला भाषेचा तास कोणता? परिसर अभ्यास हा विषय आपल्याकडे तिसरीपासून सुरू होतो. पहिली-दुसरीत विज्ञान नावाचं काही नाही, ही मला अडचण वाटत नाही, सोय वाटते. विषयच नाही म्हटल्यावर परीक्षा नाही.

भाषेवरून आणखी एक. पोरांना आपल्या बोलीत बोलू द्या. "बुडून नाई रायलं" या वाक्यात त्या मुलीचं सगळं आश्चर्य होतं. तिला "बुडत नाही असे दिसून येते" म्हणायला लावलं असतं तर आश्चर्य गेलं असतं आणि दिसून येणं तेवढं उरलं असतं. इंग्रजी शाळांत तर हाल विचारूच नका. सहा वर्षांचं मूल घरी मराठीत विचार करतं, वर्गात इंग्रजीत पाठ म्हणतं आणि ग्लास मधेच धरून उभं असतं. अहिराणी, मालवणी, गोंडी, पावरी, जे घरचं आहे त्यात पाणी तितकंच ओलं असतं.

लाजऱ्या मुलांचा प्रश्न खरा आहे. प्रत्येकाने पुढे येऊन बोललंच पाहिजे असा दंडक केला तर आपण एक वक्तृत्व स्पर्धा काढून दुसरी आणली. जोड्या कराव्यात. ज्याला बोलायचं नाही त्याने बादली धरावी, दुसऱ्याने विचारावं. चार-सहा शनिवारांनी बादली धरणारा आपणहून "अरे थांब, आधी विचार ना" असं म्हणतो. आग, तेजाब, फटाक्यांची दारू यांपैकी काही नको. मेणबत्ती शिक्षकाने लावायची. एवढं झालं की सुरक्षिततेचा विषय संपला.

मग शासनाने काय करावं? खरं सांगू का, काही करू नये. याचा शासन निर्णय निघाला की दुसऱ्या दिवशी त्याचा नमुना येईल, तिसऱ्या दिवशी "प्रयोग शनिवारचे" फोटो अपलोड करा म्हणून मेसेज येईल, आणि पोरं पुन्हा कॅमेऱ्याकडे बघून "आदरणीय" म्हणायला लागतील. इन्स्पायर-मानकसारख्या विज्ञान-स्पर्धांच्या सरकारी योजना तशाही सहावीपासून पुढच्या मुलांसाठी आहेत. पहिली ते चौथीच्या स्पर्धा शाळांनी हौसेने स्वतःच्या अंगावर घेतलेल्या आहेत, त्या शाळाच सोडू शकतात. पालकांना मात्र ही हौस सोडणं जड जाईल. मूल पदक घेऊन घरी आलं तर भिंतीवर लावता येतं. "आज माझा प्रयोग फसला आणि मजा आली" हे कुठे लावणार? स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतात ते या भिंतीसाठीच. ज्याच्या बापाला ते परवडत नाही, त्याचं पोर प्रदर्शनाच्या दिवशी पोटात दुखतं म्हणून घरी राहतं, हेही मी पाहिलं आहे. संत्र्याच्या प्रयोगात श्रीमंत-गरीब करायला जागाच कमी असते.

रामन परिणामाचा शोध 28 फेब्रुवारी 1928 चा, म्हणून त्या दिवशी आपण 1987 पासून राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. बहुतेक शाळांची प्रदर्शनं तेव्हाच असतात. यंदा पुन्हा मला एका शाळेने बोलावलं आहे, पहिली ते चौथीसाठी. मी मुख्याध्यापकांना फोन करून सांगितलं की येतो, पण गुणांचा तक्ता आणि शाल नको, एक मोठी बादली ठेवा आणि फळा पुसून ठेवा. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, मग नंबर कसे काढायचे?" त्यांच्याशी अजून बोलणं चालू आहे. मृग बहाराची संत्री तेव्हा बाजारात असतातच. डझनभर मी घेऊन जाईन. चाळीस पोरांच्या वर्गाला पुरतात, आणि बादलीतून काढून पुसली की खाताही येतात.